हायब्रीडचं आडनाव

सणसरमध्ये ‘इनोव्हा आली’ असं कुणी म्हटलं, की गाडी आली एवढाच त्याचा अर्थ नसतो. कुणीतरी आलं, असा असतो. पुढारी असेल, लग्नातले पाहुणे असतील, पुण्याच्या दवाखान्यातून सुटलेला पेशंट असेल, नाहीतर उमरा करून परतलेले आजी-आजोबा असतील. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं आमचं हे गाव. शेजारी भवानीनगरचा छत्रपती साखर कारखाना, आणि आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचा इथं मुक्काम. या रस्त्यानं बैलगाडीपासून मंत्र्यांच्या ताफ्यापर्यंत सगळं पाहिलंय. पण गाडीच्या नावाला माणसाच्या नावासारखा मान मिळाला, तो बहुधा इनोव्हालाच.

माझा मामेभाऊ टूरिस्टची गाडी चालवतो. उमऱ्याला निघालेल्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडणं हा त्याचा ठरलेला धंदा. त्याच्या जुन्या इनोव्हानं चार लाख किलोमीटरच्या वर रस्ता तुडवलाय. गेल्या वर्षी त्याच्या मनात नवी गाडी घ्यायचं आलं. नव्या इनोव्हाला ‘हायक्रॉस’ म्हणतात, ती हायब्रीड असते, एवढं त्यानं ऐकलं होतं. रात्री फोनवर, घरच्या दखनीत, त्यानं मला विचारलं, “नाम तो वहीच है ना? फिर डर कायका?”

त्याचा प्रश्न साधा होता, पण कर्ज वीस लाखांच्या पुढचं होतं. मग मी नावाचीच कुंडली काढायला बसलो.

आपल्याकडे २००० साली क्वालिस आली. २००५ मध्ये ती बंद करून त्याच कंपनीनं इनोव्हा आणली. २०१६ मध्ये इनोव्हाला ‘क्रिस्टा’ हे शेपूट जोडलं गेलं. २५ नोव्हेंबर २०२२ ला ‘इनोव्हा हायक्रॉस’ लोकांसमोर आली. हायब्रीड आणि क्रॉसओव्हर या दोन शब्दांची ती जोड. नाव इनोव्हाच राहिलं, पण खालची गाडी पार बदलली. जुनी इनोव्हा मजबूत चासीवर उभी होती, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची आणि तिची ओळख म्हणजे डिझेल. हायक्रॉस एकसंध सांगाड्याची आहे, तिची पुढची चाकं ओढतात आणि तिच्यात डिझेल मिळतच नाही. घर पाडून नवं बांधलं आणि दारावरची पाटी तेवढी जुनीच लावली, असा हा प्रकार आहे.

गंमत म्हणजे हीच गाडी इंडोनेशियात ‘किजांग इनोव्हा झेनिक्स’ म्हणून विकली जाते. तिथं १९७७ पासून ‘किजांग’ हे घराण्याचं नाव आहे. किजांग म्हणजे हरणाची एक जात. आपली क्वालिससुद्धा मूळची किजांगच. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या त्या देशात लोकांच्या तोंडी किजांग बसलंय, म्हणून तिथं ते पुढं लागतं. आपल्याला हरणाशी काही देणंघेणं नाही, म्हणून इथं ते गळलं. एकच गाडी, पण ऐकणाऱ्याच्या कानाप्रमाणे तिचं नाव बदलतं.

याच्या उलट गोष्ट प्रियसची. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेली ही मोठ्या प्रमाणावर बनवलेली पहिली हायब्रीड मोटार. लॅटिनमध्ये ‘प्रियस’ म्हणजे आधीचं, अगोदरचं. तिला जुन्या घराण्याचं आडनाव दिलं नव्हतं. तिनं स्वतःचं नाव कमावलं. ते चाललं, तेव्हा २०११ मध्ये कंपनीनं त्या एका गाडीचं कुटुंब करायचं ठरवलं. अमेरिकेत मोठी ‘प्रियस व्ही’, छोटी ‘प्रियस सी’ आणि एक चार्जिंगची प्रियस असा विस्तार झाला. एकापेक्षा जास्त प्रियसना म्हणायचं काय, यावर लोकांचं मतदानही घेतलं गेलं आणि ‘प्रिआय’ हा शब्द निवडून आला. मराठीला असा पेच पडत नाही. एक शाळा, दोन शाळा. एक इनोव्हा, दोन इनोव्हा.

कुटुंब मात्र फार टिकलं नाही. अमेरिकेत व्ही २०१७ मध्ये आणि सी २०१९ मध्ये बंद झाली. पण तीच छोटी गाडी जपानमध्ये प्रियस हे नाव न लावता, ‘ॲक्वा’ म्हणून विकली गेली आणि तिथं सर्वाधिक खपाच्या गाड्यांमध्ये जाऊन बसली. भारतात प्रियस २०१० मध्येच आली होती. आमच्याकडे ती कुणी पाहिली असेल, तर परदेशातल्या नातेवाइकानं पाठवलेल्या फोटोत. जे तंत्र प्रियस या नावानं आपल्या गावाच्या वेशीपर्यंतही पोचलं नाही, ते बारा वर्षांनी इनोव्हाचं बोट धरून थेट दारात आलं. ही किमया जाहिरातीची नाही. माझ्या मामेभावासारख्या हजारो ड्रायव्हरांनी रात्र रात्र जागून त्या नावाची पत तयार केली होती. कंपनीनं ती पत नव्या मालाला लावली.

‘हायब्रीड’ शब्दाला गावात आणखी एक जुना हिशेब आहे. १९६० च्या दशकात संकरित ज्वारी आली आणि लोकांनी त्या ज्वारीचं नावच ‘हायब्रीड’ ठेवलं. पोतं भरायचं, पण भाकरीला जुन्या शाळूची चव नाही, अशी तक्रार माझी दादी शेवटपर्यंत करायची. मग तो शब्द माणसांनाही चिकटला. नातू दोन पायऱ्या चढून धापा टाकायला लागला, की “ही हायब्रीड पोरं!” असा शेरा ठरलेला.

खरं तर आमचा सगळा भागच हायब्रीडवर जगतो. ऊस! कोइमतूरच्या पैदास केंद्रानं गोड, जाड ऊस आणि रानटी, काटक ऊस यांच्या संकरातून शंभर वर्षांपूर्वीच नवे वाण काढायला सुरुवात केली. आज कारखान्याला जाणारी प्रत्येक मोळी त्या संकराचीच लेक आहे. त्यांचीही कुटुंबं आणि नावं आहेत. को ८६०३२ या वाणाला आपल्याकडे ‘नीरा’ म्हणतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या वाणांना ‘फुले’ हे आडनाव लागतं : फुले सावित्री, फुले २६५. शेतकरी मात्र नावं बाजूला ठेवून आकडाच बोलतो. “औंदा दोनशे पासष्ट लावलाय.” त्याला वाण किती टन पडतो, साखर उतारा काय आणि खारवट जमिनीत टिकतो का, याच्याशी मतलब. उसाला हायब्रीड म्हणून कुणी हिणवलेलं मी ऐकलेलं नाही. शब्द तोच, पण ज्वारीचा चवीवरून बदनाम झाला आणि उसाचा उत्पन्नामुळे विसरला गेला.

मोटारीच्या हायब्रीडमध्ये होतं काय, तेही सोपं आहे. पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर आणि बॅटरी असते. हळू वेगात बऱ्याचदा मोटर गाडी ओढते. ब्रेक मारताना जी शक्ती एरवी उष्णता होऊन वाया जाते, तिच्यातली बरीचशी बॅटरीत परत येते. वायर लावून चार्ज करावं लागत नाही. पण सगळ्यांचं हायब्रीड सारखं नसतं. काहींत मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते, एकटी गाडी चालवत नाही. त्याला माइल्ड हायब्रीड म्हणतात. २०१५ च्या सुमारास अशाच एका व्यवस्थेला मारुतीनं ‘स्मार्ट हायब्रीड’ म्हटलं होतं. तिला केंद्राच्या फेम योजनेतून अनुदानही मिळत होतं. एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रीडचं अनुदान सरकारनं काढून घेतलं. हायब्रीड हा शब्द किती पातळ करून चालेल, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता.

म्हणून मी मामेभावाला आधी व्हेरिएंटची यादी बघायला लावली. त्यात कळीची गोष्ट सापडली. हायक्रॉस या नावाखाली दोन गाड्या आहेत. खालच्या किमतीचं मॉडेल साधं पेट्रोलचं. त्यात ना मोठी बॅटरी, ना ओढणारी मोटर. हायब्रीड वरच्या मॉडेलमध्ये. डिसेंबर २०२२ मध्ये किमती जाहीर झाल्या तेव्हा साधी १८.३० लाखांपासून होती आणि हायब्रीड २४.०१ लाखांपासून, दोन्ही शोरूमच्या किमती. चाचणीतलं मायलेज साधीचं १६.१३ आणि हायब्रीडचं २३.२४. म्हणजे बजेटकडे बघून त्यानं खालची घेतली असती, तर नावात ‘हाय’ आलं असतं आणि बॉनेटखाली फक्त पेट्रोल.

आम्ही वहीवर गणित मांडलं. त्या किमतींचा फरक पाच लाख एकाहत्तर हजार. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरलं, तर किलोमीटरमागे बचत सुमारे एक रुपया नव्वद पैसे. फरक फिटायला तीन लाख किलोमीटर. वरच्या मॉडेलमध्ये इतर सोयीही जास्त आहेत, रस्त्यावरचं मायलेज चाचणीपेक्षा वेगळं पडतं आणि किमती बदलत राहतात, हे सगळं खरं. पण घरच्या गाडीला तीन लाख म्हणजे आयुष्य, आणि टूरिस्टच्या गाडीला पाच-सहा वर्षं. त्याच नावाची, त्याच रंगाची गाडी एकाला तोट्याची आणि दुसऱ्याला फायद्याची ठरू शकते.

नावांचा हा खेळ आमच्या घरांना नवा नाही. गावात आमची आडनावं मुलाणी, तांबोळी, आतार, बागवान. कामावरून पडलेली. शाळेच्या दाखल्यावर कुणी ‘शेख’ लावतं, कुणी गावाचं नाव. सातव्या दिवशी अकीक्याला ठेवलेलं अरबी नाव कागदावर राहतं आणि गल्लीत पोरगं बाळू नाहीतर राजू म्हणून वाढतं. पुण्यात आलो, की आमच्यापुढे ‘मराठी मुसलमान’ असं एक विशेषण लागतं. “तुमचं मराठी छान आहे हो,” असं कौतुकानं सांगणारे भेटतात. सणसरमध्ये आम्हाला असं कुणी म्हणत नाही. तिथं ते सांगण्यासारखं काही वाटतच नाही. ते विशेषण आमच्यासाठी नाही, ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी आहे. झेनिक्सच्या पुढे किजांग लागतं, तसंच. ते लावलं म्हणून मला राग नाही. पण विशेषण ऐकून माणूस कळला असं समजून कुणी थांबलं, तर ते खालची हायक्रॉस घेऊन वरचीचे पैसे मोजल्यासारखं होईल.

ऊस आणि गाडी यांची गाठ आता आणखी जवळ आली आहे. २९ ऑगस्ट २०२३ ला दिल्लीत नितीन गडकरींनी याच हायक्रॉसचा, जास्त इथेनॉलवर चालू शकणारा हायब्रीड नमुना लोकांसमोर ठेवला. पण त्याच वर्षी डिसेंबरात, साखर कमी पडेल म्हणून, केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले होते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. उद्या आणखी एक आडनाव जोडून तशी इनोव्हा बाजारात आली, तर तिची टाकी आमच्या शिवारातून भरू शकेल. तिचं नाव काय ठेवायचं ते कंपनी ठरवेल. उसाला भाव काय मिळेल, ते त्या नावावरून कळणार नाही.

मामेभावानं शेवटी वापरलेली डिझेल क्रिस्टा घेतली. महिन्याचा हप्ता त्याला झेपणारा होता आणि तिचं काम करणारा मिस्त्री ओळखीचा होता. हायब्रीड त्याच्या डोक्यातून गेलेली नाही. परवा त्याच्या एका दोस्तानं हायक्रॉस बघायला जाऊ म्हटलं, तर यानं गाडीचा रंगही विचारला नाही. म्हणाला, “पहले पूछ, बॅटरीवाली है क्या सादी?”