खिंडीतून समुद्रात

हाणामारीचा प्रसंग संकलनाला आला की मी आधी एकच पाहतो: कोण कुठे उभा आहे आणि वार कुठून येतोय, हे प्रेक्षकाला कळतंय का? रक्त किती सांडलं, हा प्रश्न नंतरचा.

'३००' या चित्रपटात अर्धं काम जागेनेच केलं होतं. थर्मोपिलीची अरुंद वाट, एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र, समोर पर्शियाचा राजा झर्क्सिस याची फौज. खिंड अडवून धरणं म्हणजे काय, हे मराठी प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नाही. स्पार्टाचा राजा लिओनिडस शत्रूला कापत पुढे सरकतो तो लांबलचक शॉट झॅक स्नायडरने एकाच वेळी तीन कॅमेऱ्यांवर घेतला: एकावर वाइड, एकावर मिड, एकावर क्लोज, तिन्ही हाय स्पीडवर. मग टेबलावर एकातून दुसऱ्यात झेप घेतली, वेग कमीजास्त केला. सांधा जाणवत नाही. भाला कुठून निघाला आणि कुठे रुतला, ते मात्र स्वच्छ दिसतं. तिथे स्लो मोशन आपल्याला काहीतरी सांगत असतो.

२०१४ साली नोम मुरोने पुढचा भाग केला, 'राइज ऑफ ॲन एम्पायर'. त्याची मांडणी मला मनापासून आवडते. गोष्ट लिओनिडसच्या मरणानंतर सुरू होत नाही. थर्मोपिलीच्या आधी, त्याच दिवसांत आणि नंतर, अशी ती समुद्रावर चालू राहते. पण समुद्राला भिंती नसतात. ग्रीकांच्या गलबतांवर तीन रांगांत साधारण १७० वल्हेकरी बसत. लढाईचा ताल त्यांच्या वल्ह्यांचा: धडक, माघार, पुन्हा धडक. चित्रपटाला मात्र गलबतं भिडली की कधी एकदा डेकवर उतरतो असं होतं. मग तीच तलवार, तोच मंदावलेला वार, कॅमेऱ्याच्या दिशेने उडणारं तेच संगणकी रक्त. ते फळ्यांवर साचत नाही, त्यावरून कुणाचा पाय घसरत नाही. म्हणूनच ते डोळ्यांपुढून निघून जातं. दुसऱ्या दिवशीची लढाई पाहा: पर्शियन गलबतं कड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत ओढली जातात आणि वरून ग्रीक उड्या घेतात. भिंती परत मिळाल्या, तशी लढाई पुन्हा कळायला लागली!

या भागाचा नायक थेमिस्टोक्लीस, त्याचं फार नुकसान झालंय. लॉरियनच्या खाणीतली चांदी लोकांत वाटू नका, गलबतं बांधा, हे अथेन्सच्या गळी उतरवणारा हा माणूस. इथे त्याच्या वाट्याला भाषणं आली, आणि मॅरेथॉनवर झर्क्सिसच्या बापाला, दारियसला, मारणारा बाण. दारियस त्या लढाईत नव्हताच. तो नंतर, इ.स.पू. ४८६ मध्ये वारला.

चित्रपट तोलून धरते ती झर्क्सिसच्या आरमाराची सेनानी, इवा ग्रीनची आर्टेमिसिया. कापलेल्या मुंडक्याचं चुंबन घेतानाही ती घाई करत नाही. तिच्या शॉटला कात्री लावायला हात धजणार नाही.

आणि तिलाच शेवटी थेमिस्टोक्लीसच्या तलवारीने मारलंय. इतिहासकार हेरोडोटस खऱ्या आर्टेमिसियाच्याच हॅलिकार्नासस गावचा. त्याने सालामिसच्या समुद्री लढाईतला जो प्रसंग लिहून ठेवलाय, तो जणू संकलकासाठीच आहे. अथेन्सचं गलबत आर्टेमिसियाच्या मागे लागलेलं, पुढे तिच्याच बाजूची गलबतं, पळायला वाट नाही. ती सरळ आपल्या मित्राच्या गलबतावर धडक मारून ते बुडवते. पाठलाग करणाऱ्या कप्तानाला वाटतं, ही आपल्याच बाजूची, तो वळतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्या झर्क्सिसला वाटतं, हिने शत्रू बुडवला. तो खूश होतो. ती सुखरूप निसटते.

हा प्रसंग माझ्या टेबलावर आला असता तर मी आधी बुडणाऱ्यांचे चेहरे लावले असते, मग वळणारा कप्तान, मग ती. झर्क्सिस सगळ्यांत शेवटी, कारण काय घडलं ते प्रेक्षकाला त्याच्याआधी कळलेलं हवं.