खांब, खडू आणि खोका

नेवाशाच्या माणसापाशी शैक्षणिक साधनांचा विषय काढू नये. तो तुम्हांला थेट पैसाच्या खांबापाशी नेऊन उभा करतो. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 साली, याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली. सांगणारे एक, लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा एक, आणि साधन म्हणाल तर हा दगडी खांब. एवढ्या भांडवलावर नऊ हजारांच्या घरात ओव्या झाल्या. वीज गेली म्हणून एखादी ओवी राहिली, असं ऐकिवात नाही.

मी मात्र विजेच्या काळातला मास्तर. 1984 साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि पुढे आमच्याही शाळेत तो खोका आला. एक पोरगं छपरावर अँटेना फिरवी, दुसरं दारात, बाकीची वर्गात. ‘आलं का?’ ‘आलं!’ ‘गेलं!’ एवढ्यात तास संपे. पण फायदा झाला नाही असं कसं म्हणू? ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ ही पाटी पाहून पाहून ‘क्षमस्व’ हा शब्द आख्ख्या वर्गाला बिनचूक लिहिता येऊ लागला. जे मला वर्षभरात जमलं नव्हतं!

2017 साली बालचित्रवाणी बंद पडली. तोवर पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड शिरले होते. त्या ठिपक्यांच्या चौकोनावर फोन धरला की कविता बोलू लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी हे आधी आपल्या शाळेत करून दाखवलं. 2020 साली त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ही बातमी वाचून चहाच्या वर्गणीवरून महिनामहिना अबोला धरणारे आम्ही सगळे जरा गप्पच झालो.

त्याच वर्षी करोनानं शाळांना कुलूप लावलं. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरात फोन एकच, आणि तो बापाच्या खिशात. बाप सकाळी कामावर गेला की शाळाही त्याच्याबरोबर जाई, ती रात्री परत येई. नऊच्या सुमाराला पोरीचा प्रश्न येई, ‘गुर्जी, हातचा का घ्यायचा?’ मी बोलून पाठवी. लगेच उत्तर येई, ‘हो.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच ‘हो’. फोन नसता तर तिचा प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नसता, हे खरं. पण ते ‘हो’ कळल्याचं की झोप आल्याचं, हे सांगणारं यंत्र माझ्यापाशी नव्हतं.

शाळा उघडल्यावर मी तिला फळ्यापाशी बोलावलं. हातच्याचं गणित घातलं आणि विचारलं, ‘कळलं का गं?’

‘हो,’ ती म्हणाली. चेहरा स्वच्छ ‘नाही’ म्हणत होता.

मी खडू उचलला आणि दहा रेघा ओढायला सुरुवात केली.