मू-कथा

बँकॉकला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चिरंजीव म्हणाले, "पप्पा, संध्याकाळी आपल्याला मू-कथाला जायचं आहे. सासूबाईही येणार आहेत."

थायलंड हा बौद्धांचा देश. तेव्हा एखाद्या विहारात जातककथा वगैरे सांगत असतील आणि विहीणबाई भाविक असल्याने आपल्यालाही घेऊन जात असतील, असा आम्ही तर्क बांधला. परक्या धर्माच्या ठिकाणी अदबीने मागच्या बाजूस बसावे, असे मनाशी ठरवून बॅगेतला इस्त्रीचा पांढरा सदरा बाहेर काढला. तो पाहताच मुलगा म्हणाला, "हा नको. धुराचा वास लागतो, आठ दिवस जात नाही." उदबत्त्यांचा धूर एवढा कसा असेल, याचे आम्हास नवल वाटले, पण सदरा आम्ही बदलला नाही. मुलाचे ऐकून काही बदलण्याची आमची सवय त्या वेळी राहिलेली नव्हती.

'मू' म्हणजे डुकराचे मांस आणि 'कथा' म्हणजे कढई, हा उलगडा टॅक्सीत झाला. मूळ शब्द 'क्रथा' असा आहे. पण थाई माणूस बोलण्याच्या ओघात 'र' गिळून टाकतो. आमच्या सौभाग्यवती टॅक्सी थांबेपर्यंत हसत होत्या.

त्या हसत होत्या याचेच आम्हास अप्रूप होते. वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. मुलगा २०१७ साली नोकरीनिमित्त बँकॉकला गेला आणि २०२१ च्या जानेवारीत तेथील एका मुलीशी जिल्हा कचेरीत नोंदणी करून त्याने विवाह केला. मुलगी बौद्ध. चर्च नाही, वऱ्हाड नाही, आमच्या वसईकडचा मांडव नाही की इंद्यालाचा टोप नाही. महामारीमुळे तेव्हा नेहमीची विमाने बंद होती आणि आम्ही लग्नास गेलो नाही. विमाने बंद होती हे कारण खरे होते. ती चालू असती तरी आम्ही गेलो नसतो, हे त्याहून खरे होते. पुढे २०२३ साली तो एकटाच आठ दिवसांसाठी घरी आला. त्या आठही दिवसांत आम्ही त्याच्या पंगतीस बसलो नाही. रक्तदाबाचे पथ्य हे निमित्त पुढे केले आणि आमचे ताट आमच्या खोलीत येत राहिले. भिंतीपलीकडून मायलेकांचे बोलणे ऐकू येई. कोणी मोठ्याने बोललेही नाही. आमच्यासारख्या घरांत भांडणे अशीच होतात.

डिसेंबर २०२४ मध्ये आम्ही बँकॉकला गेलो, ते सौभाग्यवतींनी नातवाला पाहिल्यावाचून मरणार नाही असे बजावल्यामुळे.

बांग कपी हा बँकॉकच्या पूर्वेकडचा गजबजलेला भाग. सेन सेप नावाचा जुना कालवा तेथून वाहतो आणि त्यातून प्रवासी नावा धडधडत जातात. तेथील एका मोठ्या पत्र्याच्या मांडवात आम्ही शिरलो. भिंती नाहीत, वर पंखे, खाली सिमेंटची जमीन, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि शंभर-सव्वाशे माणसांचा गलका. प्रत्येक टेबलावरून धूर उठत होता. पांढऱ्या सदऱ्याचे भवितव्य आम्हास दारातच कळून चुकले.

दारातल्या खांबावर उंचीची रेघ होती. शंभर सेंटीमीटरच्या आतल्या मुलाला जेवण फुकट, मोठ्यांना माणशी २४९ बाट, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे सहाशे रुपये. मुलाच्या वयाचा दाखला मागण्यापेक्षा ही रीत आम्हास फार शहाणपणाची वाटली. आमचा तीन वर्षांचा नातू रेघेखाली चांगला चार बोटे होता. पण त्याला मोठे दिसायचे होते, म्हणून तो टाचा उंचावून उभा राहिला आणि त्याच्या आईने त्याला खांदे धरून खाली दाबले. ते पाहून आम्हाला मुलाची आठवण झाली. मुलगा शेजारीच उभा होता तरी.

विहीणबाई आधीच येऊन जागा धरून बसल्या होत्या. ठेंगणी, काटक बाई. ईशान्येकडील उदोन थानी प्रांतातून तरुणपणी कामासाठी राजधानीत आलेल्या. त्यांनी हात जोडून नमस्कार केला आणि काहीतरी विचारले. सूनबाईंनी इंग्रजीत सांगितले, "जेवलात का, असं विचारते आहे." जेवायलाच आलेल्या माणसाला हा प्रश्न कसा, असे आमच्या चेहऱ्यावर उमटले असावे. मुलाने खुलासा केला की 'भात खाल्लात का' हीच इकडची ख्यालीखुशाली विचारण्याची रीत आहे. आमच्या आजीला पाणंदीत कोणी भेटले की तीही हेच विचारी.

आता कढईविषयी. तिला कढई म्हणणे तसे चुकीचेच. ती पालथ्या कढईसारखी दिसते. मधोमध घुमट, त्याला बारीक चिरा, आणि घुमटाभोवती गोल पन्हळ. खाली मातीच्या शेगडीत रसरशीत कोळसे. ते घेऊन एक पोरगा लांब चिमट्याने टेबलाटेबलांतून धावत असतो. प्रथम डुकराच्या चरबीचा एक पांढरा तुकडा घुमटाच्या माथ्यावर ठेवतात. तो वितळतो आणि त्याचे ओघळ चहूबाजूंनी उतरतात, त्यामुळे वर ठेवलेले मांस चिकटत नाही. पन्हळीत किटलीतून पातळ, जवळजवळ बेचव रस्सा ओततात. घुमटावर मांसाचे पातळ काप भाजायचे. पन्हळीत कोबी, नाळीची भाजी, मुगाच्या पारदर्शक शेवया, माशाचे गोळे, अंडी शिजवायची. एकाच विस्तवावर भाजणे आणि उकडणे. मांसाचा रस घुमटावरून ओघळून रश्श्यात उतरत राहतो, रस्सा आटला की किटलीतून पुन्हा भर घालायची, आणि तासाभराने पाहावे तर जे आरंभी निव्वळ पाणी होते त्याचे दाट सूप झालेले असते. त्यासाठी कोणी मुद्दाम काही केलेले नसते.

सोबत मिरची, लसूण, लिंबू, कोथिंबीर आणि तिळाचा लालभडक रस. त्याची चव इथे सांगण्याचा प्रयत्न करणार नाही. आम्ही तो आधी बोट लावून चाखला आणि मग वाटीने घेतला, एवढे पुरे.

या साऱ्यात आम्ही मात्र खुर्चीत ताठ बसून होतो. क्रुसाची खूण केली. आम्ही डोळे मिटलेले पाहून विहीणबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि आम्ही डोळे उघडेपर्यंत पुन्हा उचलला नाही. त्यानंतर आम्ही ताटाची वाट पाहू लागलो. चाळीस वर्षे आमच्यापुढे वाढलेले ताट येत आले आहे; ते येत नाही अशीही जेवणाची जागा असते, हे आमच्या ध्यानातच येईना. मंडळी उठून मांडणीकडे जात, आपापल्या बशा भरून आणत. आमच्या बशीत काही नव्हते. विहीणबाईंनी ते पाहिले. घुमटावरचा खमंग भाजलेला काप काढून त्यांनी आमच्या बशीत ठेवला, मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्या स्वतःच्या बशीत तोवर काहीच पडले नव्हते. चौथ्या कापाला आम्हास लाज वाटली आणि आम्ही उठलो.

उठलो, आणि तिथेच घोटाळा झाला. हवे तितके घ्या, हे शब्द माणसाला कसे बिघडवतात याचा अनुभव वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी घ्यावा लागला. सात मूळपापांत खादाडपणाची गणना आहे, हे आम्ही स्वतः मुलांना शिकवले आहे! परंतु समोर माकूळ होते, कोळंबी होती, कलेजी होती, मसाल्यात आणि अंड्यात मुरवलेले डुकराचे मांस होते. आमच्या मनात एक हिशेबही होता: २४९ बाट वसूल झाले पाहिजेत. आणि खरे सांगायचे तर, मुलाच्या पैशाने जेवतो आहोत हे डाचत होते. भरपूर आणून सर्वांपुढे ठेवले की यजमान आपणच, असे काहीसे वाटत होते. आम्ही चार बशा रचून आणल्या. मग पुन्हा दोन.

काड्यांचे आणखी निराळे. थाई लोक घरी चमचा-काट्याने जेवतात; काड्या या चिनी धाटणीच्या जेवणापुरत्या. आम्ही कच्चे मांस काड्यांनी उचलून घुमटावर ठेवले आणि त्याच काड्यांनी भाजलेला काप तोंडाकडे नेऊ लागलो, तोच सूनबाईंनी आमचे मनगट धरले. "नो, खुन फॉ!" पुढे तिने समजावले ते असे: कच्च्या किंवा अर्धकच्च्या डुकराच्या मांसातून एक जंतू येतो, त्याने मेंदूच्या आवरणास सूज येते आणि माणूस कायमचा बहिरा होऊ शकतो, त्या आजाराला त्यांच्या भाषेत 'हू दाप', म्हणजे कान विझवणारा ताप, असेच नाव आहे. म्हणून कच्च्याचा चिमटा निराळा, खाण्याच्या काड्या निराळ्या. हे सारे ठीकच. आमच्या घरात सुनेने सासऱ्याचे मनगट धरलेले आम्ही कधी पाहिले नव्हते, आणि राग येईल अशी वाट पाहत आम्ही काही क्षण बसलो. राग आला नाही. 'खुन फॉ' म्हणजे काय, असे मुलाला विचारले. "वडील," तो म्हणाला. "आदराने."

दोन तासांची मुदत असते. पाऊण तास उरला असता पोटे भरली आणि आमच्या आणलेल्यांपैकी तीन बशा तशाच राहिल्या. तेव्हा मुलाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. अन्न टाकल्यास २०० बाट दंड. कच्चे परत ठेवता येत नाही. आम्ही खिशात हात घातला आणि म्हणालो, "दंड आम्ही भरू."

"पैशाचं नाही, पप्पा," मुलगा म्हणाला. "टाकायचं कशाला?"

त्याने विहीणबाईंना काही सांगितले. त्यांनी एकही शब्द न बोलता शेगडीत दोन कोळसे मागवले, पन्हळीत नवा रस्सा ओतला, आणि आमच्या त्या तीन बशा पुढ्यात ओढून एकेक काप लावायला सुरुवात केली. सर्वांचे जेवण झाले होते. सर्वांनी पुन्हा आरंभ केला. सौभाग्यवतींनी कोळंबी सोलली. सूनबाईंनी कलेजी घेतली. ती तिला आवडत नाही, हे आम्हास नंतर कळले. आमच्या स्वतःच्या बशीत अर्धवट खाल्लेले माकूळ पडले होते, दातांना न पेलल्याने सोडलेले. मुलाने ती बशी आपल्याकडे ओढली आणि आमचे उष्टे खाऊ लागला. तो चार वर्षांचा असताना आम्ही त्याचे उष्टे खात असू. आम्ही त्याला "राहू दे" म्हणालो. त्याने मान वर केली नाही. मग आम्ही चिमटा घेतला आणि त्याच्यासाठी मांस भाजू लागलो. दोन काप करपवले, तिसरा जमला. तो त्याच्या बशीत ठेवला.

बिल करणाऱ्या मुलीने बशा पाहिल्या आणि दंड लावला नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही सुकीही खाल्ली. ती या कढईची सुखवस्तू बहीण म्हणावी. वातानुकूलित दालन, टेबलातच बसवलेला विजेचा टोप, एकावर एक रचलेल्या छोट्या बशा. एमके या प्रसिद्ध साखळीने १९८६ साली लाट फ्रावच्या सेंट्रल बाजारसंकुलात आपले पहिले सुकी उपाहारगृह काढले, आणि आज थाई कुटुंबे वाढदिवसाला तेथे जातात. मध्येच सेवक-सेविका रांगेत उभे राहून नाचतात, ते आम्हास फारसे भावले नाही. विहीणबाईंच्या खोलीवर खाल्लेले 'चिम चुम' मात्र भावले: मातीचे मडके, त्यात गवती चहा, रानआले, लिंबाच्या जातीचा पाला, आणि त्या उकळीत बुडवून काढलेले मांस. नावाचा अर्थही जवळजवळ 'बुडव-बुडव' असाच. त्या दिवशी सूनबाई घरी नव्हत्या, मुलगा कामावर, म्हणजे दुभाषी कोणीच नाही. दोन तास बसलो. त्यांनी टाळेबंदीतला एक फोटो दाखवला: दुकानाने घरपोच पाठवलेली भाड्याची कढई, जमिनीवर सतरंजी, आणि मुलगा व सूनबाई तिच्या दोन बाजूंस. तारीख जानेवारी २०२१ ची होती. लग्नाचे जेवण ते हेच, हे सांगायला दुभाष्या लागला नाही.

निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक कढई आमच्या हाती दिली. मुंबईच्या विमानतळावर बॅग उघडून अधिकाऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "हे काय आहे?" आम्ही म्हणालो, "कथा." तो आमच्याकडे पाहतच राहिला.

पांढरा सदरा दोनदा धुऊनही वासाचाच राहिला आहे. मे महिन्यात चौघेही वसईला येणार आहेत, विहीणबाईंसह. कोळशाची गोणी सांगून ठेवली आहे आणि अंगणातल्या आंब्याखाली सहा खुर्च्या मावतात की नाही, हे काल मांडून पाहिले. मावतात, एक थोडी उतारावर येते, तिथे आम्ही बसू.