वाफेच्या वाटेवरची गाळणी

चहाची गाळणी घेताना आपण भोके पाहतो, धातू पाहत नाही. वाफेच्या नळातली गाळणी, म्हणजे स्ट्रेनर, निवडताना मात्र आम्हा रसायनवाल्यांना धातूकडे आधी पाहावे लागते. गंजाचे पापुद्रे, वेल्डिंगचे कण पुढच्या व्हॉल्व्हमध्ये वा स्टीम ट्रॅपमध्ये शिरू नयेत म्हणून तिच्या पोटात जाळी असते.

स्टीम ट्रॅप वाफ अडवतो आणि तिचे झालेले पाणी तेवढे बाहेर सोडतो. तो तुंबला तर काय होते, हे न्यूयॉर्कने पाहिले आहे. तेथे १८८२ पासून रस्त्यांखालून वाफ पुरवली जाते. १८ जुलै २००७ रोजी ग्रँड सेंट्रलजवळ लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूखालचा १९२४ सालचा नळ फुटला. एक बाई दगावल्या, अनेक जण जखमी झाले. चौकशीत निघाले की गळती बुजवताना वापरलेले इपॉक्सी ट्रॅपमध्ये अडकले होते. पावसाने नळ थंड झाला, आत पाणी साचले आणि पाण्याच्या दणक्याने, म्हणजे वॉटर हॅमरने, नळ फाटला. जाळीने हे टळले असते असे आम्ही म्हणत नाही. जाळीही तुंबते, ती वेळोवेळी साफ करावीच लागते. पण चिमूटभर कचरा काय करू शकतो, हे यातून कळते.

आमच्या प्रयोगशाळेत फाटक्या जाळ्या तपासायला येतात. सोबत चिठ्ठी असते, "स्टेनलेस होती, तरी तुटली!" मंडळी, नुसते स्टेनलेस म्हणून भागत नाही. नळाची भिंत अर्धा मिलिमीटर झिजली तरी निभावते. जाळीची तार मुळातच तेवढी असते. पितळेतले जस्त गरम पाण्यात निघून जाते आणि उरते ते ठिसूळ तांबे. म्हणून ३०४ स्टेनलेस घेतात, किंवा दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६. परंतु बॉयलरच्या पाण्याला फेस येऊन क्षार वाफेबरोबर आले, तर त्यातील क्लोराइडमुळे ताणाखालच्या या दोन्ही जाळ्यांना तडे जाऊ शकतात, तेही फारसा गंज न दिसता. अशा जागी निकेल-तांब्याचे मोनेल विचारात घ्यावे. सतत ८०० अंश फॅरनहाइटच्या वर तर स्ट्रेनरचे साधे पोलादी घरही चालत नाही, क्रोम-मॉलि पोलाद लागते.

तुटलेली जाळी म्हणजे नवा कचरा. जी राखणीला बसवली तीच पुढच्या ट्रॅपमध्ये जाऊन अडकते.

आपल्यातले बरेच जण कारखान्यांतून काम करतात, म्हणून विनंती. ऑर्डर देताना "जुन्यासारखीच" असे लिहू नका. तापमान, दाब आणि पाण्यातील क्लोराइड लिहा. आणि वाय आकाराच्या स्ट्रेनरचा खिसा वाफेच्या आडव्या नळावर खाली लोंबता ठेवू नका, आडवा ठेवा, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. दोन डॉलर जास्त गेले तरी हरकत नाही.