इबूंच्या स्वयंपाकघरातलं व्याकरण

योग्यकर्त्याला मी गेले ती इंडोनेशिया सरकारच्या दर्मासिस्वा शिष्यवृत्तीवर, भाषा शिकायला. वर्ग विद्यापीठात भरत. पण भाषा अंगात मुरली ती मी राहत होते त्या घरात. मुलींना खोल्या भाड्याने देणारं असं घर म्हणजे तिकडे ‘कोस’. घराच्या मालकीणबाईंना आम्ही सगळ्याजणी ‘इबू’ म्हणायचो, म्हणजे आई. इंडोनेशियन भाषेचं माझं जे काही आहे ते त्यांचं देणं आहे.

निघण्याआधी जो भेटे तो सांगे, ही भाषा सोपी, तिला व्याकरणच नाही. सुरुवातीला ते पटतंही. लिंग नाही, विभक्ती नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. ‘साया माकान’ म्हणजे मी खाते, खाल्लं, खाईन, काहीही. ‘कमारिन’ म्हटलं की काल, ‘बेसोक’ म्हटलं की उद्या. अनेकवचन हवं तर शब्द दोनदा म्हणायचा: ‘आनाक-आनाक’, मुलं. आधी संख्या आली तर तेवढंही नको, ‘दुआ आनाक’ पुरे. विशेषण नामाच्या मागून येतं. ‘कामी’ आणि ‘किता’ हा भेद वर्गातल्या युरोपीय मुलांकडून घोटून घ्यावा लागला. मला तो आम्ही आणि आपण म्हणून घरूनच मिळाला होता.

खरं व्याकरण उपसर्ग-प्रत्ययांत आहे, आणि तिथेच शिकणारा अडतो. क्रियापदाच्या मुळाला ‘मे-’ लागतो, पण त्याचा उच्चार निसटता, जवळजवळ ‘म’सारखा, आणि लागताना तो मुळाचं तोंडच बदलतो. वर्गात याचा तक्ता मिळाला होता. इबूंनी तक्त्याकडे पाहिलंही नाही. लसणीची पाकळी हातात धरून म्हणाल्या, ‘कुपास’, सोल. मग स्वतः सोलता सोलता, ‘मङुपास’. कापायचं ते ‘पोतोंग’, कापताना ‘ममोतोंग’. परतायचं ते ‘तुमिस’, परतताना ‘मनुमिस’. शेवटी केरसुणी घेऊन ‘सापू’, आणि झाडता झाडता ‘मञापू’. क, प, त, स गळतात आणि त्यांच्या जागी ङ, म, न, ञ येतात. बालवाडीत पाठ केलेले, पुढे कधी कामी न आलेले ते ङ आणि ञ माझ्यासमोर लसूण सोलत होते, केर काढत होते. प्रत्येक वर्गाचं अनुनासिक ज्याच्या कानात आहे, त्याला यात पाठ करण्यासारखं फार उरत नाही. ‘गोरेंग’मधला ग मात्र जागेवर राहतो: ‘मङ्गोरेंग’, तळणे. ‘बाकार’मधला ब तसाच: ‘मंबाकार’, भाजणे. तेलात टेंपेचे काप सोडताना इबू हे दोन शब्द मुद्दाम आळीपाळीने म्हणत.

हे कळलं की शब्दकोशही उघडतो. तिकडच्या कोशात शब्द मुळाखाली असतात. मङुपास शोधायचा तर आधी कुपास ओळखता यायला हवं.

त्यांचा रोजचा प्रश्न, ‘सुदा माकान?’ जेवलीस का? त्याला ‘तिडाक’, म्हणजे नुसतं नाही, हे उत्तर त्यांना चालत नसे. ‘बलुम’ म्हणायचं: अजून नाही. जे पुढे घडू शकतं त्याला सरळ नकार देत नाहीत. लग्नाबद्दल विचारलं तरी उत्तर बलुमच. चहा समोर ठेवून त्या ‘सिलाकान दिमिनुम’ म्हणत. ‘दि-’ लागून क्रियापद कर्मणी झालं, ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणायची वेळच आली नाही. आपल्या ‘चहा घ्यावा’मध्ये जी अदब आहे, तीच ही.

इतकं नेमकं त्यांना शिकवता आलं याचं कारण मला फार उशिरा उमगलं. इंडोनेशियन त्यांची मायबोली नव्हतीच. घरात सासूबाईंशी त्या जावानीज बोलत, तीही ‘क्रोमो’ या आदराच्या थरातली. मुलांशी ‘ङोको’, रोजची साधी. समोरचा कोण, थोर की धाकटा, यावर त्या भाषेत शब्दच बदलतात. 28 ऑक्टोबर 1928 ला बाताव्हियात जमलेल्या तरुणांनी एका राष्ट्रभाषेची शपथ घेतली, तेव्हा सर्वांत मोठा समाज जावानीज बोलणारा होता. तरी निवड झाली ती बंदरांतून आणि बाजारांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मलयची, जिला इंडोनेशियन हे नाव मिळालं. त्या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर आहे. इबूंच्या वाट्याला ती भाषा शाळेत आली, सांधा सांधा जुळवत. म्हणून सांधे त्यांना दिसत होते. ज्याला भाषा जन्माने मिळते त्याला ते बहुधा दिसत नाहीत.

पुढे प्रामुद्या अनंता तूर यांची ‘बुमी मानुसिया’ ही कादंबरी मी मुळातून वाचली, पानोपानी मुळं शोधत. इबूंना ते कळवलं तेव्हा उत्तरात त्यांनी माझ्या निरोपातला एक ‘-कान’ प्रत्यय दुरुस्त करून पाठवला. रोजच्या बोलण्यात तिकडे ‘मे-’ सर्रास गाळतात, मीही मैत्रिणींना तसंच लिहिते. इबूंना लिहिताना मात्र एकही उपसर्ग गाळत नाही.