फक्की

२०२०च्या मार्चमध्ये मी पुण्याहून पाचगणीला आलो, तेव्हा सोबत एक बॅग, कंपनीचा लॅपटॉप आणि 'पंधरा दिवसांत परत जाऊ' एवढा समज होता. आमच्या घरात रेंज फक्त खिडकीपाशी येते. तिथं दिवसभर मी बसायचो. संध्याकाळी शेजारी अप्पा येऊन बसायचे.

अप्पा इथल्या एका बोर्डिंग शाळेत ग्राउंडवर कामाला. गवत कापणं, रोलर फिरवणं, सामन्याआधी फक्की मारणं. मुलं आपापल्या घरी गेली, ग्राउंड ओस पडलं आणि पगार निम्म्यावर आला. इतक्या वर्षांत या माणसाला मी रिकामं बसलेलं पाहिलं नव्हतं. ते हात मांडीवर ठेवून बसायचे, जणू हात दुसऱ्या कुणाचे आहेत.

जगभरातला फुटबॉल बंद होता. युरोपात बेलारूसची लीग तेवढी चालू होती, म्हणून आम्ही ती बघायला लागलो. खेळाडूंची नावं जिभेवर बसेनात, तेव्हा अप्पांनी नंबरावरून ओळख ठेवली. मी मात्र कोड कंपाइल होईपर्यंत एका क्लबबद्दल वाचत बसायचो. बाटे बोरिसोव.

बोरिसोव हे मिन्स्कपासून सत्तरेक किलोमीटरवरचं कारखान्यांचं गाव. मोटारी आणि ट्रॅक्टरांचं इलेक्ट्रिक सामान बनवणाऱ्या तिथल्या कारखान्याच्या नावाची आद्याक्षरं म्हणजे 'बाटे'. १९९६ साली क्लब नव्यानं उभा राहिला आणि २००६ ते २०१८ सलग तेरा वेळा देशाचा चॅम्पियन झाला. २००८ मध्ये तो चॅम्पियन्स लीगच्या गटात पोचला. बेलारूसचा पहिलाच क्लब. कोच गोंचारेन्को तेव्हा फक्त ३१ वर्षांचा. गटात रेआल माद्रिद, युव्हेंटस आणि झेनित. युव्हेंटसविरुद्ध २३ मिनिटांत २-० अशी आघाडी, त्यातला दुसरा गोल बोरिसोवमध्येच जन्मलेल्या स्तासेविचचा. सामना शेवटी २-२ सुटला. सहा सामन्यांत तीन बरोबरी, एकही विजय नाही.

२०१२ मध्ये मात्र त्यांनी बायर्न म्युनिकला ३-१ हरवलं. त्याच मोसमात बायर्न युरोपचा विजेता झाला. मग २०१४. स्वतःच्या नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये शाख्तारकडून ०-७. त्यातले सहा गोल पहिल्याच हाफमध्ये. त्या वर्षी गटाच्या सहा सामन्यांत २४ गोल खाल्ले. आणि पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर रोमाविरुद्ध अर्ध्या तासात ३-०, शेवटी ३-२. पहिला गोल पुन्हा स्तासेविचचाच. पाच वेळा गटात गेले, पाचही वेळा गटातूनच परत आले.

हे सगळं मी अप्पांना रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हरायचंच हाय, तर जात्यात कशाला?"

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत आहे की."

ते गप्प झाले. मीही.

२०१०ची गोष्ट. मी नववीत होतो. आमच्या गावातल्या शाळेची टीम अप्पांच्या शाळेशी खेळायला गेली होती. त्यांच्या पोरांच्या पायात स्टड होते, आमच्यातले निम्मे कॅनव्हासच्या बुटांत. ग्राउंड लाल मातीचं, त्यावर अप्पांनी सकाळी मारलेल्या पांढऱ्याशुभ्र रेषा. आम्ही १-६ हरलो. तो एक गोल माझा. गोल झाल्याबरोबर मी आमच्या पोरांकडे नाही, कॉर्नरला फक्कीची बादली घेऊन उभ्या असलेल्या अप्पांकडे पाहिलं. ते खाली रेषेकडे बघत होते. शेजारी त्यांचे सर उभे होते. घरी त्या गोलाबद्दल एक शब्द निघाला नाही. मग मी इंजिनिअरिंगला गेलो, नोकरीला लागलो, पसरणी घाट कितीदा उतरलो-चढलो. तो विषय कधी निघाला नाही.

११ एप्रिल २०२२च्या रात्री मी पुण्यात आणि अप्पा पाचगणीत, दोघंही मोबाइलवर एकच सामना बघत होतो. रियाधमध्ये मुंबई सिटी विरुद्ध इराकचा एअर फोर्स क्लब. २०१६ साली एएफसी कपच्या फायनलमध्ये बेंगळुरूला हरवणारा हाच क्लब. मुंबई ०-१नं मागे पडली, मग पेनल्टीवर बरोबरी झाली आणि ७५व्या मिनिटाला कॉर्नरवर आपल्या राहुल भेकेनं हेडर मारला. २-१. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा पहिला विजय. अप्पांचा फोन लगेच आला. "भेके म्हंजी आपलाच की रं!" त्याच स्पर्धेत पुढे अल शबाबकडून मुंबईनं सहा गोल खाल्ले. तरी ७ गुण मिळवून गटात दुसरी आली.

म्हणून १८ सप्टेंबर २०२३ला मी अप्पांना बालेवाडीला घेऊन गेलो. त्या मोसमात आशियाच्या चॅम्पियन्स लीगमधला मुंबईचा पहिला सामना तिथं होता, इराणच्या नस्साजी माझंदरानशी. अप्पा स्टेडियममध्ये शिरल्यावर आधी गवत बघत होते. "पाणी बराबर मारलंय," म्हणाले.

मी त्यांना नस्साजीबद्दल सांगितलं. नस्साजी म्हणजे विणकाम. काएमशहर या कापड गिरण्यांच्या गावचा क्लब. २०२२ मध्ये इराणचा कप जिंकला म्हणून आशियात खेळायला मिळालं, तेही पहिल्यांदाच. उलट मुंबई सिटी तेव्हा मँचेस्टर सिटीवाल्यांच्या मालकीची होती. सांगता सांगता मीच अडखळलो. इतकी वर्षं मी स्वतःला लहान टीमचा माणूस समजत होतो. आणि आज आकाशी जर्सी घालून बसलो होतो तो मोठ्यांच्या बाजूला. गिरणीचं गाव समोर होतं.

नस्साजीनं गोल केला. आमच्या स्टँडमध्ये शांतता. आणि त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता. अप्पा. पुढच्या रांगेतली दोन पोरं वळून बघायला लागली. मला कानकोंडं झालं.

"अप्पा, तो त्यांचा गोल आहे."

"गोल हाय न्हवं?" ते म्हणाले आणि आणखी दोन टाळ्या वाजवल्या.

मुंबई ०-२नं हरली. पुढे त्या गटातले सहाच्या सहा सामने हरली. बाहेर पार्किंगमध्ये गर्दी होती, आम्ही चहा घेत थांबलो. चौदा वर्षांचा असताना जे विचारायचं राहिलं होतं, ते मी कप हातात फिरवत विचारलं. "माझ्या गोलाला नाही वाजवली तुम्ही टाळी."

कुठला गोल, हे त्यांनी विचारलं नाही.

चहाचा घोट घेतला, रस्त्यावरच्या गाड्यांकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "हात फक्कीनं भरलं हुतं रं."