आधी भिंत बघतो

हीट पंप बसवायचा म्हटलं की लोक कंपनी विचारतात, किंमत विचारतात, वॉरंटी विचारतात. भिंतीबद्दल कुणी बोलत नाही. "मिस्त्री, दोन भोकंच तर पाडायचीत," एवढ्यात विषय संपतो. माझ्या मते सगळं काम त्या दोन भोकांवर उभं असतं. मशीन पुढेमागे बदलता येतं, चुकीच्या जागी फोडलेली भिंत पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

कुर्डुवाडीत मी हे पंप बसवतो ते गरम पाण्यासाठी, लॉजवर नाहीतर दवाखान्यात. पंढरपूरला जाणारे वारकरी आषाढी-कार्तिकीला इथे गाडी बदलतात, मुक्काम करतात, आणि पहाटे सगळ्यांना एकदम आंघोळीचं पाणी हवं असतं. गिझर एक युनिट विजेत एक युनिट उष्णता देतो. हीट पंप हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणून तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट काम होतं. झुरिचच्या नगरगृहात १९३८ साली असा पंप बसवला, तो तर नदीच्या पाण्यातून उष्णता घ्यायचा. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेला तोटा नाही, तिला मशीनपर्यंत आणायची सोय हवी.

गच्चीवर जागा असली तर डक्टची भानगडच नको, वरच ठेवा, असं मी स्वतः सांगतो. पण स्टेशनजवळच्या जुन्या इमारतींना माळवद आहे. मातीच्या त्या छतावर भरलेली टाकी कशी ठेवणार? मग मशीन येतं खालच्या कोठीत. दार लावून घेतलं की पंप स्वतःच गार केलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत बसतो. कोठी गार, पाणी कोमट आणि मीटर पळतोय. म्हणून हवा बाहेरून आणायची, बाहेर सोडायची, आणि दोन्ही भोकं शक्यतो वेगवेगळ्या भिंतींना घ्यायची. शेजारीशेजारी घेतली तर बाहेर टाकलेली गार हवा वळून आत येते, आणि डक्टचा खर्च वाया जातो.

आता भिंत. काळ्या दगडाची, दीड-दोन फूट जाड, मातीत बांधलेली. दोन्ही अंगांना घडीव दगड आणि मधे नुसती भर. विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत कोअर कटर सुरेख गोल भोक पाडतो. या भिंतीत मात्र मधला सुटा दगड कटरबरोबर फिरायला लागतो, बिट अडकतं आणि भर खाली ढासळते. ब्रेकर तर मी अशा भिंतीला लावूच देत नाही. आधी वरच्या दगडांना लोखंडी अँगलचा आधार, मग छिन्नी-हातोड्यानं दोन्ही बाजूंनी थोडं थोडं उघडायचं. मधे पत्र्याचा गोल नळा बसवून भोवती चुना भरायचा. नळ्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार, म्हणजे वळवाचा तिरपा पाऊस आत येत नाही. या कामाला दिवस जातो, आणि मालकाला तो फुकट गेल्यासारखा वाटतो. मला तोच दिवस सगळ्यात मोलाचा वाटतो.

पत्र्याचं काम मी रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका कारागिराकडे शिकलो. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ साली इथून बार्शीला धावू लागली, आणि तिच्यामागून आलेल्या वर्कशॉपनं या गावाला पत्रा आणि लोखंड जाणणारे हात दिले. माप दोनदा घेतल्याशिवाय ते मला कात्रीला हात लावू देत नसत. डक्टमध्ये ती सवय पदोपदी कामाला येते. भिंत कमी फोडायला लागावी म्हणून बारा इंची डक्टऐवजी दहा इंची टाकू, असं मालक सुचवतात. दोन इंचांनी काय होतंय, असं वाटतं. पण वाट तीस टक्क्यांनी आक्रसते, आणि तेवढीच हवा न्यायला पंख्याला जवळजवळ अडीचपट जोर लागतो. इथे मी भिडेला पडत नाही. वळणंही कमी आणि ऐसपैस हवीत, काटकोनात मोडलेल्या डक्टमध्ये हवा घुसमटते.

बाहेरच्या तोंडाला जाळी लागतेच, नाहीतर चिमण्या घरटं करतात. डासांची बारीक जाळी मात्र लावू नये, उन्हाळ्यातल्या धुळीनं ती बघता बघता बुजते. अर्ध्या इंचाची पुरते. गार हवेच्या डक्टला नायट्रिल रबराचं आवरण हवं. उन्हाळ्यात त्याची गरज कळत नाही. आषाढात हवा दमट झाली की उघड्या पत्र्याला घाम सुटतो आणि खालची गव्हाची पोती भिजतात.

आणि ती बाहेर टाकायची गार हवा? जिथे शक्य असेल तिथे मी ती स्वयंपाकघराकडे वळवतो. एका लॉजवर चुलीपाशी दिवसभर भाकरी थापणाऱ्या मावशींच्या पाठीमागे वर ग्रिल दिलं. झोत थेट चुलीवर जाऊ नये म्हणून पाती तिरपी ठेवली, धुरासाठीचा पंखा वेगळा. एप्रिलमध्ये त्या म्हणाल्या, "दादा, आता दुपारी पदरानं वारा घ्यावा लागत नाही." डिसेंबरात त्यांनाच हुडहुडी भरली. म्हणून आता फाट्यावर डॅम्पर ठेवतो, एका बाजूला वळवला की हवा स्वयंपाकघरात, दुसऱ्या बाजूला सरळ बाहेर. लॉजवरची पोरं वर्षा-दोन वर्षांत बदलतात, सांगितलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं. त्यामुळे दांड्याच्या दोन्ही टोकांना ऑइल पेंटनं मोठ्या अक्षरांत लिहून देतो: उन्हाळा, हिवाळा.